चोपडे सरांचा ‘काऊन’

डोणगावच्या हायस्कुलात आठवी आणि नववी या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती; पत्र्याची आडभिंत होती. पत्र्याच्या अलीकडे मी गणित शिकवीत असे. पलीकडे निंबाजी चोपडे इंग्रजी शिकवीत. मी साताऱ्याकडचा. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि नोकरीसाठी मी वऱ्हाडात आलो होतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर प्रमेय मांडत असताना पत्र्यापलीकडून एक शब्द आला.

‘काऊन?’

थोडी शांतता. मग पोरांचा गलबला. मग पुन्हा तोच शब्द, किंचित वरच्या पट्टीत. ‘काऊन बे?’

तास संपेपर्यंत तो शब्द इतक्या वेळा आला की माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी अखेर त्याचा अर्थ विचारला. तो उभा राहिला, गोंधळला आणि म्हणाला, ‘काऊन म्हंजे... काऊन, सर.’ शेजारच्याने त्याची सुटका केली. ‘म्हंजे व्हाय, सर. इंग्रजीत व्हाय म्हंते ना, ते.’

मराठी शब्दाचा अर्थ मला इंग्रजीतून कळला. चोपडे सरांची आणि माझी ओळख अशी झाली.

ते उंच होते आणि थोडे पुढे वाकून चालत. अंगात काळा कोट असे, त्याचे दोन्ही खिसे पांढरे. नवा खडू हातात आला की ते त्याचे दोन तुकडे करीत. एकाने लिहीत, दुसरा खिशात टाकीत आणि विसरत. त्यांचे घराणे साखरखेर्ड्याचे, भाजीपाला पिकवणारे. वडील लवकर गेले. आई गंगाबाई यांनी बाजारात बसून वांगी-मिरच्या विकल्या आणि मुलाला अमरावतीच्या कॉलेजात शिकवले. डोणगावात दोन खोल्यांच्या घरात मायलेक राहत. मागच्या अंगणात म्हातारीने वाफे केले होते. मास्तराची आई झाली म्हणून वांगी लावणे सोडावे, हे तिला मान्य नव्हते.

सरांकडे एक सायकल होती. तिच्यावर बसलेले त्यांना कोणी पाहिले नाही. ती हाताने धरून ते चालत. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, ‘सायकलवर बसले की माणसे दिसतात, सर. ऐकू येत नाहीत.’

माझ्याशी ते असे पुस्तकी मराठीत बोलत. ‘मला वाटते’, ‘मला सांगा’. वर्गातला आणि घरातला त्यांचा ‘मले’ माझ्यापर्यंत कधी आला नाही. हेडमास्तरांशी ते जसे बोलत, तसेच माझ्याशी. इतक्या वर्षांत मला त्यात वावगे काही दिसले नाही.

इंग्रजी शिकवण्याची त्यांची रीत पत्र्यातून मला पूर्ण पाठ झाली होती. खेड्यातून आलेली मुले इंग्रजीच्या तासाला अंग चोरून बसतात, हे त्यांना ठाऊक होते. तेही तसेच बसले होते. म्हणून ते इंग्रजीला मुलांच्या ओसरीवर आणून बसवीत. चालू वर्तमानकाळ शिकवताना त्यांनी विचारले, ‘तू आत्ता घरी निघाला, अन् मी रस्त्यात भेटलो. म्या पुसलं, कुठी चालला? तं काय म्हनशीन?’

‘घरी जाऊन राह्यलो, सर.’

‘जाऊन म्हंजे गोइंग. राह्यलो म्हंजे अॅम. आय अॅम गोइंग. इंग्रजाचं अन् तुहं वाक्य एका मापाचं हाय. तुमी हा काळ पाळन्यात शिकले बे. मंग भेता काऊन?’

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, मंग इंग्रज वऱ्हाडातला होता का?’

‘असता तं गेला नसता. इथंच पानठेला टाकून बसला असता.’

वर्ग हसला. माझाही वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केले.

एका वर्षी तपासणीला नवे साहेब आले. ते पुण्याकडचे होते. आठवीच्या पुस्तकात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा धडा होता. घरात अडचण असूनही तो आपली गाय विकत नाही. साहेबांनी इंग्रजीत विचारले, त्याने गाय का विकली नाही? वर्ग गप्प. साहेबांनी पुन्हा विचारले, अधिक सावकाश. वर्ग अधिक गप्प. हेडमास्तरांनी घाम पुसला. मी दाराशी उभा होतो.

चोपडे सर हळूच म्हणाले, ‘काऊन?’

निम्म्या वर्गाचे हात वर गेले. साहेबांनी मात्र सरांकडे वळून पाहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘चोपडे, शब्द काऊ आहे. काऊन नव्हे. शिक्षकाचाच उच्चार असा असेल तर मुलांनी काय करावे?’

वर्गाला काय झाले ते कळायला एक क्षण लागला. मग पहिल्या बाकावरच्या मुलींनी तोंडाला ओढणी लावली. सर हसले नाहीत. त्यांनी कावेरी नावाच्या एका मुलीला खूण केली. ती उभी राहिली आणि थांबत थांबत म्हणाली, ‘बिकॉज, सर, द काऊ वॉज ओल्ड. अँड ही वॉज ऑल्सो ओल्ड.’

हे उत्तर पुस्तकात नव्हते. साहेबांनी पुस्तक उघडून पाहिले, मिटले आणि ते पुढच्या वर्गाकडे निघाले. शेऱ्यात त्यांनी ‘शिक्षकाचे उच्चार सदोष’ असे लिहिले. हेडमास्तर अस्वस्थ झाले. साहेबांना खरा प्रकार कळवू या, असे म्हणू लागले. सर म्हणाले, ‘राहू द्या. गाय आणि कारण यांत फरक असावा, हे साहेबांचे म्हणणे योग्यच आहे.’

तो ‘काऊन’ मुळात त्यांचा नव्हता, हे मला पुढे कळले. तो त्यांच्या आईचा होता. संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जाई. म्हातारी शेंगा सोलत बसलेली असे आणि सर दुसऱ्या दिवशीचा धडा तिला वऱ्हाडीत सांगत. एकदा एका परदेशी धनिकाचा धडा होता. त्याचे कुत्रे बर्फात हरवते आणि सारा गाव शोधायला निघतो.

‘सारं गाव कुत्र्याले धुंडाले गेलं?’ म्हातारी म्हणाली. ‘काऊन? त्या गावाले काम नोतं का?’

‘साहेबाचं कुत्रं होतं, माय.’

‘असन. कुत्रं कायले वाट चुकते? अन् चुकलं तं साहेबानं स्वता काऊन नाही धुंडलं?’ मग माझ्याकडे वळून, ‘तुमीच सांगा, गनितवाले मास्तर.’

मी गणितापुरताच बोलत असे. सर मला वाटेत पोहोचवायला आले तेव्हा म्हणाले, ‘मला वाटते, तिला पटेल अशी एक तरी गोष्ट लिहावी.’

त्यांच्या लेखनाचा आरंभ एवढाच आहे. पुढे समारंभांतून त्यांच्या प्रेरणांविषयी बरेच बोलले गेले. मी ऐकले आहे. त्यातले बहुतेक मला ठाऊक नाही.

लिहिण्यापूर्वी ते प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलून पाहत. दोन माणसांचे बोलणे असेल तर दोन आवाजांत. एका सुट्टीच्या दुपारी शेजारचे संपतराव धावत त्यांच्या दारात आले. विहिरीवर पाण्यावरून दोन बाया भांडत आहेत, असे त्यांना घरात बसून ऐकू आले होते. आत सर एकटेच.

‘मास्तर, कोनाशी भांडून राह्यले?’

‘कोनाशी नाही. गोष्ट लिहून राह्यलो.’

संपतराव उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्या धाकलीचं बरोबर हाय. तिलेच पानी द्या.’ आणि घरी गेले. ती गोष्ट आज कॉलेजात शिकवतात. पाणी धाकटीला मिळते.

अशा गोष्टींचे एक पुस्तक होईल इतके लेखन जमले. त्यांतली निवेदनाची भाषा आपण लिहितो तशी, आणि माणसे मात्र बोलतात तशी बोलत. सरांनी ते बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवले. उत्तर सभ्य होते. गोष्टी आवडल्या, संवाद प्रमाण भाषेत करून दिल्यास पुस्तक या वर्षातच काढू, नाही तर बाहेरच्या वाचकाला ते समजणार नाही.

त्याच सुमारास गंगाबाई वाफ्यांत पाणी सोडताना घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. मेहकरच्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितले की त्या आता उठणार नाहीत आणि फार दिवस काढणारही नाहीत. म्हातारीने पोराचे पुस्तक निघणार म्हणून साऱ्या बाजाराला आधीच सांगून ठेवले होते. तिला वाचता येत नव्हते. तरी खाटेवरून ती रोज विचारी, ‘निंबा, आलं का पुस्तक?’

सरांनी माझे मत विचारले. बदल करावेत, असे मी म्हणालो. हाताशी वेळ थोडा आणि मागणी अशक्य नाही. हिशेब सरळ होता. ते म्हणाले, ‘मलाही तसेच वाटते.’

दिवाळीच्या सुट्टीत बसून त्यांनी ते काम पुरे केले. ‘मले’चे ‘मला’ झाले, ‘काऊन’चे ‘का’ झाले. बाड टपालात टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी त्यातली एक गोष्ट आईला वाचून दाखवली. मी तिथे होतो. गोष्ट एका भाजीवालीची होती. भर बाजारात एक गिऱ्हाईक तिच्या वांग्यांना किडकी म्हणते, आणि ती सर्वांसमोर एक एक वांगे चिरून दाखवते.

म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने विचारले, ‘हे बाई कोन हाय रे?’

‘कोनती, माय?’

‘हे बोलून राह्यली ते. मास्तरीन हाय का?’

‘नाही. भाजीवाली हाय. बजारात बसते.’

‘भाजीवाली?’ म्हातारीने डोळे उघडले. ‘अशी बोलली तं तिची भाजी कोन घेईन?’

सरांनी पुढे वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर ती पुन्हा म्हणाली, ‘थांब. हे तं माह्या वांग्याची गोष्ट हाय. चिरले होते म्या, साखरखेर्ड्याच्या बजारात.’

‘हाव, माय.’

‘मंग त्याच्यातून मले काऊन काहाडलं?’

वर्गात ज्याला उत्तर येत नसे, तो खाली पाही. सर खाली पाहत होते. म्हातारी रागावली नव्हती. तिने खरोखरच प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराची वाट पाहत होती. मी चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी जुनेच बाड पुण्याला पाठवले. संवादांत बदल करता येत नाही, एवढेच सोबत लिहिले. महिन्याभराने ते साभार परत आले. ही बातमी मला त्यांनी पत्र्याच्या आडभिंतीशी उभे राहून दिली. आवाजात फरक नव्हता. हातातल्या नव्या खडूचे मात्र त्यांनी दोनऐवजी बरेच तुकडे केले.

घरी प्रश्न रोजचाच होता. ‘आलं का?’

‘येऊन राह्यलं, माय.’

जो काळ त्यांनी पोरांना शिकवला, त्याच्यावर त्यांनी तो हिवाळा काढला. म्हातारी दिवसेंदिवस बारीक होत होती. जेवण सुटत चालले होते. प्रश्न सुटला नव्हता.

मेहकरला एक छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि हँडबिले हे त्याचे काम. खिळे जुळवणारे रहीमभाई त्याच गावात जन्मलेले. सरांनी बाड तिथे दिले. खर्चाचे त्यांनी मला सांगितले नाही. मी विचारले नाही. दर रविवारी ते एस.टी.ने मेहकरला जात आणि मुद्रिते तपासत. एका रविवारी मीही सोबत गेलो. पहिल्याच पानावर सर थबकले. जिथे ‘मले’ लिहिले होते, तिथे ‘मला’ छापले होते. साऱ्या पानभर तसेच.

‘रहीमभाई, हे काय केलं?’

‘सुदरवलं, सर.’ रहीमभाईंना वाटले शाबासकी मिळेल. ‘तुमच्या हातून घाईत चुकलं असन म्हटलं.’

‘तुमी घरी काय म्हंता? मले का मला?’

‘मले. बोलाले ठीक हाय ना, सर. छापाले बरं नाही दिसत. आजवर कोन्या कागदावर मले पाह्यलं तुमी?’

सरांनी विचार केला. ‘नाही पाह्यलं,’ ते म्हणाले. ‘म्हनूनच छापून राह्यलो. जसं बोलता तसं जुळवा.’

रहीमभाईंनी मान डोलावली. पण हाताला वर्षांची सवय होती. ‘म’ आणि ‘ल’ जुळले की बोटे आपोआप कान्याकडे जात. दर रविवारी सर तेच काने काढून मात्रा घालीत. एकदा रहीमभाई म्हणाले, ‘सर, तुमच्या पुस्तकानं माह्या घरवालीशी बोलतानी मी अटकून राह्यलो. मले म्हनू का मला, समजत नाही.’ सर मोठ्याने हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी फारसे पाहिले नाही.

थंडी सरता सरता पुस्तक बांधून आले. साधे, जाड पुठ्ठ्याचे. सर छापखान्यातून थेट घरी आले. म्हातारीने ते हातात धरले, वास घेतला, उलटेसुलटे करून पाहिले. मग परत दिले.

‘वाच.’

त्यांनी वांग्याची गोष्ट वाचली. भाजीवाली बोलू लागली तशी म्हातारीची मान हलू लागली. गोष्ट संपली. सर थांबले. या एका मतासाठी त्यांनी पुण्याचे पुस्तक सोडले होते. ते आईकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो.

‘हे तं मले ठावं होतं,’ म्हातारी म्हणाली. ‘याच्यात नवं काय हाय?’

सरांनी पुस्तक मिटले.

‘थांबला काऊन?’ ती म्हणाली. ‘दुसरी वाच.’

रोज एक याप्रमाणे त्यांनी तिला सगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला गंगाबाई गेल्या. शेवटची गोष्ट वाचून झाली होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मेहकरात छापलेले ते पुस्तक हातोहात अकोल्याला, नागपूरला गेले आणि तिथून पुण्याला. परीक्षणे आली. सर लेखक झाले. सभांतून बोलावणी येऊ लागली. ते शक्यतो रविवारी जात, कारण तास बुडवणे त्यांना पसंत नव्हते. पुस्तकाचे सर्वांत चांगले परीक्षण कोणते, असे कोणी विचारले तर ते म्हणत, ‘याच्यात नवं काय हाय?’ विचारणाऱ्याला तो विनय वाटे.

काही वर्षांनी पुण्याच्या त्याच प्रकाशकाने दुसरी आवृत्ती मागितली; या खेपेस एक अक्षरही न बदलण्याच्या बोलीवर. त्यांचा एक तरुण मुद्रितशोधक डोणगावला आला. त्याने पुस्तक बारकाईने वाचले होते. म्हणाला, ‘सर, सबंध पुस्तकात ‘मले’ आहे आणि तहसील कचेरीच्या गोष्टीत एके ठिकाणी त्यातली बाई ‘मला’ म्हणते. एकसारखेपणासाठी तिथेही ‘मले’ करतो.’

‘राहू द्या,’ सर म्हणाले.

‘पण ती मुद्रणाची चूक असणार.’

‘चूकच आहे. ती रहीमभाईंच्या हातून झाली आणि माझ्या नजरेतून सुटली. पुस्तक आल्यावर ती मला दिसली. शुद्धिपत्र छापावे म्हणून बसलो आणि मग ती ओळ मोठ्याने बोलून पाहिली. ती बाई त्या ठिकाणी साहेबाच्या खुर्चीसमोर उभी आहे. खुर्चीसमोर जाताना आमचा माणूस आपला ‘मले’ बाहेर काढून ठेवतो, चपलेसारखा. तिथे ती ‘मला’च म्हणेल. परक्यासमोर आम्ही सगळे तसेच म्हणतो.’

मुद्रितशोधकाने पेन खाली ठेवले. सर हे आम्हा दोघांशी स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलले. तो तरुण त्या दिवशी आला होता. मला डोणगावात येऊन वीस वर्षे होत आली होती.

त्यानंतरही आम्ही बराच काळ एकत्र होतो. पत्र्याची आडभिंत जाऊन विटांची आली. त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून आधी निवृत्त झालो. मुलगा साताऱ्याला होता. तिकडे जायचे ठरले.

निघायच्या दिवशी सर सायकल धरून एस.टी. स्टँडवर आले. हँडलला पिशवी होती. आईच्या वाफ्यातली वांगी. वाफे त्यांनी राखले होते. आम्ही बाकावर बसलो. बोलण्यासारखे विशेष नव्हते. पावसापाण्याचे बोललो, शाळेचे बोललो. ते नेहमीप्रमाणे ‘मला वाटते’ म्हणत होते. गाडी लागली. मी ट्रंक वर चढवून खिडकीशी बसलो. त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली. कंडक्टरने घंटी ओढली. तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि खाली पाहत म्हणाले,

‘जाऊन राह्यले तुमी. मले काही करमाचं नाही. पत्र टाकसान ना?’

‘हाव,’ मी म्हणालो.

गाडी निघाली. वळणावर मी मागे पाहिले. ते सायकल हाताने धरून गावाकडे चालले होते. शेजारून कोणी एक शेतकरी काही सांगत चालला होता, आणि चोपडे सरांची मान त्याच्याकडे कलली होती.